गुण्या, चौरंग आणि चाक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नाशिक रोडच्या घरी मागच्या अंगाला एक खोली वाढवायचं काम काढलं होतं. मिस्त्री रोज सकाळी आपली पिशवी ओट्यावर रिकामी करायचे. थापी, रंधा, ओळंबा, सुताचं रीळ, पाण्याची पातळी बघायची नळी आणि इंग्रजी एल अक्षरासारखी एक लोखंडी पट्टी, म्हणजे गुण्या. त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सातवीत गेलेली माझी भाची कंपासपेटी उघडून बसायची. तिची शाळा सेमी-इंग्रजी. गणित इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. त्यामुळे ती दोन्ही नावं मोठ्यानं घोकायची: ट्रायँगल म्हणजे त्रिकोण, स्क्वेअर म्हणजे चौरस, सर्कल म्हणजे वर्तुळ.

एक दिवस ती मध्येच थांबली. "मावशी, ट्रायँगलमधला ट्राय आणि आपला त्रि सारखाच आहे. इंग्रजांनी तो आपल्याकडून घेतला का गं? आणि घेतला, तर मग चौरस का नाही घेतला?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "ताई, हा कोपरा गुण्यात नाही. वरचे दोन थर काढायला लागतील."

भाचीचा प्रश्न एकीकडे आणि मिस्त्रींची अडचण दुसरीकडे, असंच तेव्हा वाटलं. पुढे कोश उघडून बसले तेव्हा लक्षात आलं की मिस्त्रींच्या हातातल्या पट्टीचं नाव हे त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. मात्र तिथवर पोचायला जरा लांबचा रस्ता धरावा लागेल.

वीस आणि बीस

नाशिक रोड स्टेशनवर एकच घोषणा लागोपाठ मराठीत आणि हिंदीत ऐकू येते. मराठीत गाडी 'वीस' मिनिटं उशिरा, हिंदीत 'बीस'. आपला वाघ तिकडे बाघ होतो. वीज-बिजली, विंचू-बिच्छू, वांगं-बैंगन. एखादीच जोडी असती तर योगायोग म्हणून सोडून दिली असती. पण शब्दाच्या आरंभी आपल्याकडे 'व' असला की हिंदीत पुन्हा पुन्हा 'ब' येतो. म्हणून हिंदीनं मराठीकडून शब्द घेतले असं कोणी म्हणत नाही. दोघींना ते एकाच आजीकडून मिळाले आणि हिंदीच्या घरात 'व'चा 'ब' झाला.

हाच नियम फार मोठ्या अंतरावर लावता येतो. 1786 साली विल्यम जोन्स या न्यायाधीशानं कलकत्त्यात एक भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं घडण्यासारखं नाही, तिघींचा उगम एकच असावा, असं त्यानं मांडलं. 1822 मध्ये जर्मन पंडित याकोब ग्रिम यानं त्या साम्यातले नियम नीट लिहून काढले. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी हा थोरला. त्याचा नियम वीस-बीससारखाच आहे. संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांत जिथे 'प' तिथे इंग्रजी-जर्मनमध्ये 'फ': पद आणि फूट, पितृ आणि फादर. 'त'च्या जागी 'थ': त्रि आणि थ्री. 'द'च्या जागी 'ट': दंत आणि टूथ, दश आणि टेन. लॅटिनमधला 'क' इंग्रजीत 'ह' होतो आणि संस्कृतात त्याच जागी बऱ्याचदा 'श' असतो. शंभरासाठी लॅटिन शब्द केंटुम, इंग्रजी हंड्रेड, संस्कृत शत.

पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्यांना तीर्थोपाध्यायांच्या वह्या माहीत असतील. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि आपण कधी न पाहिलेल्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. भाषांच्या पणजीची अशी वही कोणी लिहिली नाही. ती पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात होती आणि तेव्हा तिला लिपी नव्हती. तिचे शब्द नातवंडांच्या बोलण्यातून उलटे शोधत जावे लागतात. अभ्यासक तिला आद्य भारत-युरोपीय भाषा म्हणतात.

भाचीला पहिलं उत्तर इथे मिळालं. ट्रायँगल हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यातला 'ट्राय' आणि आपला 'त्रि' चुलत भावंडं आहेत. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही.

पण तिचा दुसरा प्रश्न अधिक खोल होता. आकडे जर एकाच घरचे, तर आकारांची नावं इतकी वेगळी का? याचं कारण असं की त्या पणजीच्या घरात भूमिती नव्हती. चौरस, त्रिकोण, वर्तुळ यांच्यासाठी शब्द नव्हते. घरात गाडी होती, धनुष्य होतं, गुरांची शिंगं होती, स्वतःचे गुडघे आणि कोपरं होती. पुढे ज्या लेकीला आकाराचं नाव लागलं, तिनं यातलीच एखादी वस्तू उचलली. एकीनं गुडघा उचलला, दुसरीनं शिंग, तिसरीनं धार.

चार धारा

'चौरस' हा शब्द संस्कृतात 'चतुरश्र' होता. चतुर् म्हणजे चार आणि अश्रि म्हणजे धार, कड. कापणाऱ्या पात्याची ती अश्रि. यज्ञवेदी कशा आखायच्या हे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत चौकोनी आकृतीला हाच शब्द आहे. आर्यभटानं घनाला 'द्वादशाश्रि' म्हटलं आहे, म्हणजे बारा कडांचा. खोक्याच्या कडा मोजून पाहा, बाराच भरतात.

अश्रीचं मूळ 'टोकदार, तीक्ष्ण' या अर्थाच्या धातूत आहे. त्याच धातूपासून इंग्रजीत 'एज' झाला आणि जर्मनमध्ये 'एके' म्हणजे कोपरा. जर्मन माणूस चौकोनाला 'फीरएक' म्हणतो. 'फीर' म्हणजे चार, आणि तो आपल्या चतुर्‌चा भाऊ. 'एक' हा अश्रीचा भाऊ. चौरस आणि फीरएक हे शब्द कानाला कुठेच जुळत नाहीत, तरी दोन्ही भाग एकाच घरचे आहेत. सारखे ऐकू येणारे शब्द नातेवाईक असतीलच असं नाही आणि नातेवाईक शब्द सारखे ऐकू येतीलच असंही नाही. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

'स्क्वेअर'चंही तसंच. त्याच्या पोटात लॅटिन 'क्वाद्रा' दडला आहे आणि क्वाद्राच्या पोटात 'क्वात्तुओर' म्हणजे चार. चतुर् आणि क्वात्तुओर सख्खे. युरोपातल्या शहरांत मोकळ्या चौकाला स्क्वेअर म्हणतात. आपला 'चौक' संस्कृत 'चतुष्क'पासून आला, म्हणजे त्याच्याही पोटात चारच. बिटको चौकात उभं राहून लंडनच्या ट्रॅफल्गार स्क्वेअरचा विचार केला तर दोन्ही नावं एकाच आकड्याची निघतात. दाराची 'चौकट'सुद्धा 'चतुष्काष्ठ', चार लाकडांची.

चाकाची दोन नावं

चाक ही त्या पणजीच्या काळात नवी गोष्ट होती. इसवी सनापूर्वी साडेतीन हजारांच्या आसपास चाकाच्या गाड्या दिसू लागतात. नव्या वस्तूला नाव हवं होतं. 'फिरणं' या अर्थाचा एक धातू घेऊन लोकांनी त्याचा पहिला आवाज दोनदा म्हटला, आपण गरगर किंवा भिरभिर म्हणतो तसा. त्या दुहेरी शब्दातून संस्कृतात 'चक्र' झालं, ग्रीकमध्ये 'कुक्लोस', इंग्रजीत 'व्हील'. ग्रीक कुक्लोस लॅटिनमधून जाऊन 'सायकल' बनला. कारखान्याच्या पाळीला सायकलवरून निघालेला नाशिक रोडचा माणूस चाकाच्या ग्रीक भावंडावर बसलेला असतो आणि त्या भावंडाला दोन मराठी चाकं लावलेली असतात. पोलिश भाषेत 'कोवो' म्हणजे चाकही आणि वर्तुळही. तो शब्द याच धातूचा.

चाकाला दुसरंही एक नाव होतं, पळणारं या अर्थाचं. लॅटिनमध्ये ते 'रोता' झालं, जर्मनमध्ये 'राड', लिथुएनियन भाषेत 'रातास', सगळ्यांचा अर्थ चाक. आपल्याकडे मात्र त्याचा 'रथ' झाला. चाकाचं नाव सबंध गाडीला मिळालं, जसं आपण मोटारीला 'चार चाकी' म्हणतो. लॅटिन रोतापासून 'रोतुंदुस' म्हणजे चाकासारखा, आणि तोच झिजत झिजत इंग्रजीत 'राउंड' झाला. राउंड आणि रथ यांचं नातं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

'वर्तुळ' हा 'वृत्' म्हणजे वळणं, फिरणं या धातूचा. लॅटिनमधला 'वेर्तेरे' त्याचाच भाऊ. मग सर्कल? ते चक्राचं कोणीच नाही. लॅटिन 'किर्कुस' म्हणजे कडं, रिंगण. त्याचं लहान रूप किर्कुलुस, म्हणजे सर्कल. मूळ शब्द जसाच्या तसा राहिला तो 'सर्कस'मध्ये. 1880 च्या सुमारास विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली आणि तंबूतलं हे कडं महाराष्ट्राच्या गावोगावी पोचलं.

गुडघा, कोपर आणि शिंग

आता मिस्त्रींच्या गुण्याकडे येऊ. मांडी घालून बसलेला माणूस उठताना एक पाय उभा करतो, तेव्हा गुडघ्यापाशी सरळ काटकोन दिसतो. ग्रीकांनी कोनाचं नाव तिथूनच घेतलं. गुडघ्याला ते 'गोनु' म्हणत आणि कोनाला 'गोनिया'. संस्कृतात गुडघा म्हणजे 'जानु'. आजानुबाहू म्हणजे गुडघ्यापर्यंत हात पोचणारा, तोच जानु. लॅटिनमध्ये 'गेनु', आणि इंग्रजीत 'नी', ज्याच्या लिखाणात पुढचा मुका 'क' अजून टिकून आहे. ग्रिमच्या नियमानं 'ग'चा 'क' झाला होता आणि पुढे बोलताना तो गळाला.

हा ग्रीक 'गोनिया' इराणात गेला आणि फारसीत 'गुनिया' झाला. तिथे त्याचा अर्थ आकृतीतला कोन असा न राहता काटकोन तपासायचं हत्यार असा झाला. तुर्की भाषेतही काटकोनी पट्टीला 'ग्योन्ये' म्हणतात. फारसी बोलणाऱ्या कारागिरांबरोबर तो हिंदुस्थानात उतरला आणि आपल्या सुतार-गवंड्यांच्या तोंडी 'गुण्या' झाला. म्हणजे "कोपरा गुण्यात नाही" असं मिस्त्री म्हणाले, तेव्हा ते दोन हजार वर्षं प्रवास केलेला ग्रीक गुडघा भिंतीला लावत होते. आणि ते ज्याला कोपरा म्हणाले तो शब्द कुठला? कोपरावरूनच आलेला. ग्रीकांनी कोनासाठी पायाचा सांधा घेतला, आपण हाताचा.

भाचीनं इथे मला बरोबर पकडलं. "मग कोन आणि गोनिया एकच ना?" ऐकायला अगदी तसं वाटतं. पण वीस-बीसचा नियम लावला की अडतं. ग्रीक 'ग'समोर संस्कृतात 'ज' किंवा 'ग' येतो, 'क' येत नाही. गोनु-जानु, गेनोस-जनस् असंच ते चालतं. त्यामुळे 'कोन' हा गोनियाचा भाऊ ठरत नाही. तमिळमध्ये मात्र 'कोण्' म्हणजे वाकडेपणा, आणि त्या भाषेचं कूळच वेगळं.

1595 मध्ये पिटिस्कस नावाच्या जर्मन गणितीनं 'ट्रिगोनोमेट्रिया' हा शब्द पुस्तकाच्या नावात वापरला. 'त्रिकोणमिती' शेजारी ठेवून पाहा. तीन डब्यांच्या दोन गाड्या समजा. पहिला डबा त्रि आणि ट्रि, एकाच कारखान्यातला. तिसरा मिती आणि मेट्री, तोही मोजण्याच्या एकाच धातूचा. मधला डबा तेवढा दिसायला सारखा पण बहुधा वेगळ्या कारखान्यातला.

लॅटिन लोकांनी कोनासाठी गुडघा घेतला नाही. त्यांचा 'अंगुलुस' म्हणजे वाकलेली जागा. हत्तीला टोचायचा आपला 'अंकुश' त्याच वाकण्याच्या धातूचा, आणि जहाजाचा 'अँकर'ही. दोघांचं टोक वळलेलंच असतं.

उत्तरेकडच्या लोकांना कोपरा पाहून गुराचं शिंग आठवलं. इंग्रजी 'हॉर्न', लॅटिन 'कोर्नु', संस्कृत 'शृंग', मराठी 'शिंग'. वर सांगितलेली श-क-ह साखळी इथे पुन्हा दिसते. लॅटिन कोर्नुपासून इंग्रजी 'कॉर्नर' आला. आइसलँडमध्ये त्रिकोणाला 'थ्रीहिर्निंगुर' म्हणतात, म्हणजे तीन शिंगांचा. आणि आपण उपासाला जो शिंगाडा खातो, त्याचं संस्कृत नाव 'शृंगाट'. शिंगं फुटलेलं ते टोकदार फळ हातात धरलं की आइसलँडच्या माणसानं त्रिकोणाला तसं का म्हटलं हे सांगावं लागत नाही.

शुल्बसूत्रांत त्रिकोणाला आणखीच वेगळं नाव आहे, 'प्रउग'. गाडीचे दोन दांडे पुढे एकत्र येऊन जो निमुळता भाग होतो तो प्रउग. ज्यांनी या वेदी आखल्या त्यांच्या दारात गाडी उभी होती, हे त्या एका शब्दावरून कळतं. त्या वेदींच्या विटांच्या रचनेला 'चिती' म्हणत. चाकाच्या आकाराची ती रथचक्रचिती. आजच्या मराठी गणिताच्या पुस्तकात 'इष्टिकाचिती' आणि 'वृत्तचिती' हे शब्द आहेत, पहिली म्हणजे विटेच्या आकाराची, दुसरी म्हणजे नळकांड्याची. परिभाषा करणाऱ्यांनी ती जुनी वीट उचलून आणली, हे फार चांगलं केलं. तेवढं मुलांना सांगितलं जात नाही, म्हणून त्यांना तो शब्द पाठ करावा लागतो.

[ चौकट : शब्दांचं साम्य तीन तऱ्हांचं ]

रक्ताचं नातं: एका पणजीकडून आलेले शब्द. चक्र आणि व्हील, जानु आणि नी, शृंग आणि हॉर्न, रथ आणि राउंड. ऐकायला बरेचदा वेगळे, पण आवाजांचा बदल ठरलेल्या नियमानं होतो.

उसनवारी: एका भाषेनं दुसरीकडून घेतलेले शब्द. ग्रीक गोनियाचा गुण्या आणि, पुढे येणार आहे तो, केंद्र. ऐकायला सारखे, कारण वेगळं व्हायला वेळच मिळाला नाही.

नुसता भास: सर्कलमधला 'क' आणि चक्रातला 'क'. नियम लावला की सुटतात.

ग्रीकांचा चौरंग

सत्यनारायणाच्या पूजेला आपण चौरंग मांडतो. चौरंग म्हणजे चतुरंग, चार अंगांचा, चार पायांचा. ग्रीकांकडेही अशीच बैठी मेजं असत. त्यांचं नाव 'त्रापेझा'. यातला 'त्रा' म्हणजे चार, चतुर्‌चं झिजलेलं रूप, आणि 'पेझा' म्हणजे पाय, आपल्या पदाचा भाऊ. चौपाई म्हणा हवं तर. ग्रीक गणिती युक्लिडनं वेड्यावाकड्या चौकोनाला 'त्रापेझिओन', छोटं मेज, असं म्हटलं. तोच आजचा ट्रॅपेझियम, मराठी पुस्तकातला समलंब चौकोन. वरची बाजू लहान, खालची मोठी, दोन्ही कडा तिरक्या. फाकलेल्या पायांचा चौरंग समोरून पाहिला तर हाच आकार दिसतो.

सर्कशीतला उंच झुला, ज्याला ट्रॅपीझ म्हणतात, त्याचं नाव याच आकारावरून पडलं. वर तंबूचा आडवा बांबू, खाली दांडी, दोन्हीकडे दोर, झाला चौकोन. सर्कस हे नाव आकाराचं आणि तिच्यातला सर्वांत अवघड खेळही आकाराच्या नावाचा.

त्रापेझाची आणखी एक वाट नाशिक रोडच्या माणसाला जवळची वाटेल. ग्रीसच्या बाजारात सराफ मेजावर नाणी मांडून बसत. हळूहळू मेजाचं नाव पेढीला लागलं. आज अथेन्समध्ये बँकेच्या पाटीवर 'त्रापेझा' असंच लिहिलेलं असतं. आपण वापरतो तो 'बँक' हा शब्दही इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आला. 1925 पासून इथे सिक्युरिटी प्रेस आहे आणि 1928 पासून करन्सी नोट प्रेस. तिथे छापलेल्या नोटा ज्या बँकांत जातात, त्या सगळ्यांचं नाव एका बाकाचं आहे, आणि ग्रीकमध्ये गेलं तर चौरंगाचं.

धनुष्याची दोरी

वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला मराठी पुस्तकात 'जीवा' म्हणतात. जीव या शब्दाशी तिचा संबंध मुलांना वाटतो, पण जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, दोन टोकांना ताणलेली ती दोरी, आणि मधल्या अंतराला संस्कृत गणिती 'शर' म्हणजे बाण म्हणत. वर्तुळाच्या कडेचा एक तुकडा आणि त्याची जीवा कागदावर काढून पाहा, चित्र लगेच दिसतं. युरोपातही तेच चित्र सुचलं. 'आर्क' म्हणजे लॅटिनमध्ये धनुष्य आणि 'कॉर्ड' म्हणजे ग्रीकमध्ये आतड्याची तात.

जीवेचं दुसरं नाव 'ज्या'. 499 साली आर्यभटानं आकाशाच्या गणितासाठी सबंध दोरीऐवजी तिचा अर्धा भाग घेतला, अर्धज्या, आणि पुढे नुसती ज्या. आज कॅल्क्युलेटरवर जे साइन आहे ते हेच. या शब्दाचा प्रवास असा झाला. अरबी विद्वानांनी संस्कृत 'जीवा' हा शब्द 'जीबा' असा आपल्या भाषेत घेतला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही, आणि हा परका शब्दही 'ज' आणि 'ब' या दोन व्यंजनांनीच लिहिला जाऊ लागला. पुढच्या वाचकांना जीबा हा शब्द ओळखीचा नव्हता. 'जैब' हा होता, अंगरख्याचा गळ्याखालचा घोळ, खिसा. हिंदीतली 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनीही जैब वाचलं आणि घोळासाठी, कुशीसाठी त्यांचा 'सिनुस' शब्द ठेवला. धनुष्याची दोरी खिशात गेली आणि साइन होऊन बाहेर आली.

आणि 'त्रिज्या'? केंद्रापासून कडेपर्यंतच्या एका सरळ रेषेत तीन कुठून आले? हा प्रश्न मला शाळेत पडला होता आणि उत्तर मिळायला वयाची चाळीस वर्षं गेली. आकाशाच्या वर्तुळात बारा राशी. प्रत्येक राशी 30 अंशांची. तीन राशी म्हणजे 90 अंश, वर्तुळाचा पाव भाग. 90 अंशांवर अर्धी दोरी जास्तीत जास्त लांब होते, आणि ती लांबी बरोबर केंद्रापासून कडेपर्यंतची असते. म्हणून ती तीन राशींची ज्या, 'त्रिराशिज्या', आणि आटोपशीर होऊन त्रिज्या. आर्यभटाच्या गणितात तिची लांबी 3438 कला. वर्तुळाच्या 360 अंशांच्या 21,600 कला होतात. तेवढ्या परिघाला किती त्रिज्या लागते याचा हिशेब मांडला तर 3438 च्या जवळच येतं. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात पाटण इथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ उभारल्याचा शिलालेख आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्यांना त्रिज्येतले तीन कोणते, हे विचारावं लागत नसेल.

युरोपनं त्रिज्येसाठी 'रेडियस' घेतला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चाकाचा आरा, आणि किरणही.

काटकोन त्रिकोणाच्या लांब बाजूला आपण 'कर्ण' म्हणतो. ग्रीकांनी तिला 'हिपोतेनुसा' म्हटलं, खालून ताणलेली. यातला 'हिपो' म्हणजे आपला 'उप', आणि मागचा धातू म्हणजे 'तन्'. मराठीत आपण दोरी ताणतो, तो ताणही याच तन्‌चा. सूत ताणून पायाची आखणी करणाऱ्या मिस्त्रीला हायपोटेन्यूस शिकवायला हा एक शब्द पुरेल. लंबाचंही तसंच. लंब म्हणजे लोंबणारा, आणि ओळंबा हा अवलंबाचा मराठी अवतार. इंग्रजी 'पर्पेंडिक्युलर'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही गवंड्याचा ओळंबाच.

पाहुणा आलेला केंद्र

'केंद्र' हा शब्द इतका आपला झाला आहे की तो संस्कृत नाही हे सांगितल्यावर लोक भांडायला उठतात. ग्रीक 'केन्त्रोन' म्हणजे बैलाला टोचायची पराणी, तिची टोकदार आर. कंपासची सुई कागदात रुतते, मध्ये बारीक भोक पडतं आणि त्याभोवती वर्तुळ फिरतं. त्या टोचलेल्या जागेला ग्रीक लोक केन्त्रोन म्हणू लागले. ज्योतिषाबरोबर तो शब्द भारतात आला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं तो वापरला आहे, आणि त्याच्याबरोबर 'जामित्र'ही, जो ग्रीक 'दिआमेत्रोस' म्हणजे व्यास. लॅटिनमध्ये गेलेल्या केन्त्रोनचं पुढे 'सेंटर' झालं. केंद्र आणि सेंटर सारखे वाटतात, ते दोघांनी एकाच शेजाऱ्याकडून उसनं आणलं म्हणून.

ग्रीक माणसं इथपर्यंत आली होती का, असं कोणी विचारलं तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. सतराव्या लेण्यातल्या शिलालेखात दान देणारा स्वतःला योनक म्हणवतो. योनक म्हणजे यवन, ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, असं त्यानं कोरून ठेवलं आहे. नावं भारतीय झाली होती, ओळख यवनाची राहिली होती. लेण्यांच्या या डोंगराला शिलालेखांत 'तिरण्हु' म्हटलं आहे, म्हणजे त्रिरश्मी, तीन किरणांचा.

तिथल्याच दुसऱ्या एका लेण्यात, सातवाहन राजा कण्ह याच्या काळातल्या लेखात, 'नासिक' हे गावाचं नाव आहे. नासिका, लॅटिन 'नासुस', जर्मन 'नाझे', रशियन 'नोस', इंग्रजी 'नोज'. नाकाचा शब्द या कुळात फारसा बदललाच नाही. आणि तोही आकाराचा शब्द होऊन बसला आहे. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला इंग्लंडमध्ये 'नेस' म्हणतात, डंजनेस, शीअरनेस ही गावं तशीच. रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर 'कानिन नोस' आहे. नाशिकच्या नावाबद्दल आपल्याकडे शूर्पणखेचं नाक कापल्याची कथा सांगतात. भाचीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या.

खोलीचं काम पावसाळ्याआधी संपलं. शेवटच्या आठवड्यात ठेकेदारानं लेझरची पातळी आणली. तिपाईवर ठेवली की भिंतीवर लाल रेषा उमटते, उभी आणि आडवी, आणि दोन्ही बरोबर काटकोनात. गुण्या आणि ओळंबा पिशवीतच राहिले. मिस्त्रींचा मुलगा त्यांच्याबरोबर कामाला येतो. त्याला गुण्या म्हणजे काय ते ठाऊक आहे, पण तो त्याला 'अँगल' म्हणतो.

मोल्सवर्थनं 1831 मध्ये मराठीचा मोठा कोश छापला, तेव्हा कारागिरांच्या तोंडचे शब्द त्यात आवर्जून घेतले होते. त्यानंतर आलेले आणि बदललेले कितीतरी शब्द अजून तोंडातच आहेत. तुमच्या गल्लीत गवंडी, सुतार, लोहार, कुंभार कामाला आले तर हत्यारांची, आकारांची, मापांची नावं विचारा आणि तारीख, गाव घालून वहीत लिहून ठेवा. घरात कंपासपेटी वापरणारं मूल असेल तर वही त्याच्याकडेच द्या.